पडद्यावरील अक्षर आणि वाचकाचा डोळा

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दुसऱ्या इयत्तेतील एक मुलगा शाळेच्या लॅपटॉपसमोर बसून धडा वाचीत आहे, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. ‘धार’ हा शब्द तो ‘घार’ असा वाचतो. गुरुजी त्यास थांबवितात आणि पुन्हा वाचावयास सांगतात. मुलगा पुन्हा ‘घार’च म्हणतो. शेजारची मुले हसतात, मुलाचे तोंड उतरते आणि ‘वाचनात कच्चा’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो. तोच शब्द फळ्यावर ठळक लिहिला असता, तर त्याने तो बिनचूक वाचला असता. पडद्यावरील अक्षर बारीक आणि धूसर होते. ‘ध’च्या डोक्यावरील मोकळी जागा आणि ‘घ’वरील अखंड शिरोरेघ यांतील भेद त्यात दिसतच नव्हता. दोष पडद्याचा, शिक्षा मात्र बालकास!

दुसरे दृश्य शाळा सुटल्यानंतरचे. पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई विद्यार्थ्यांची नावे संगणकात भरीत बसल्या आहेत. ‘शिंदे’, ‘कांबळे’, ‘सावंत’ अशी आडनावे एकामागून एक येत आहेत. अनुस्वार तो केवढा? एका ठिपक्याएवढा. दिवसभराच्या श्रमाने शिणलेल्या डोळ्यांना तो दिसला काय आणि न दिसला काय, पडद्यावर फरक जाणवत नाही. पुढे काही वर्षांनी शाळा सोडल्याचा दाखला हाती पडतो, तेव्हा ‘शिंदे’चे ‘शिदे’ झालेले आढळते. मग हरवलेल्या त्या एका ठिपक्यासाठी पालकांना रोजगार बुडवून हेलपाटे घालावे लागतात.

या दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे. लॅपटॉपचा पडदा कसा निवडावा आणि त्यावरील अक्षर कसे लावून घ्यावे, म्हणजे वाचन सुखाचे होईल? पडद्याच्या बारकाव्यास इंग्रजीत जो शब्द आहे, तो ‘रिझोल्यूशन’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. विषय यंत्राचा दिसत असला, तरी तो अक्षराचा आहे. आणि अक्षर हा तर प्राथमिक शिक्षकाचा जन्माचा सोबती.

गिरगावाची परंपरा

सुवाच्य मराठी अक्षर कसे असावे, हा विचार संगणकाबरोबर जन्मास आला नाही. मुंबईत गिरगाव आणि काळबादेवी या भागांत तो जवळजवळ दोनशे वर्षे चालत आला आहे. गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये मुंबईत शिळाछापावर पहिले मराठी पंचांग छापले. शिळाछापाचे अक्षर हाताने लिहिलेले असे. त्याची सुवाच्यता लेखकाच्या वळणावर अवलंबून राही. पुढे धातूचे खिळे आले आणि प्रश्न अधिक सूक्ष्म झाला.

या कामी सर्वांत मोठे नाव जावजी दादाजी यांचे. 1839 मध्ये जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामास लागला. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली अक्षराची पारख त्याच्या डोळ्यांत उतरली. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या कित्येक संस्कृत ग्रंथांवर कोलभाट गल्लीचा पत्ता आजही वाचावयास मिळतो. या कारखान्याच्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरण्यात राणोजी रावजी आरू यांचा हात होता. निर्णयसागरचे वळण पुढे देशभर नावाजले गेले.

ठसे कोरणाऱ्या कारागिराची एक रीत येथे ध्यानी घ्यावयाची आहे. मोठे अक्षर केवळ आकसून तो लहान अक्षर बनवीत नसे. प्रत्येक मापाचे अक्षर निराळे कोरले जाई. लहान मापात अक्षराच्या पोटातील पोकळी शाईने भरून जाऊ नये म्हणून ती किंचित मोकळी ठेवावी लागे आणि बारीक रेघ उडून जाऊ नये म्हणून तिला थोडी जाडी द्यावी लागे. बारीक अक्षरासाठी कारागिराने घेतलेले हे कष्ट वाचकाच्या डोळ्यांचे कष्ट वाचवीत असत.

गिरगावात 1923 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘नवाकाळ’ काढला. खटाववाडीतील मौज प्रिंटिंग ब्यूरो नेटक्या, निर्दोष छपाईसाठी नावारूपास आला. चर्नी रोडला शासकीय मध्यवर्ती मुद्रणालय आहे. देवनागरीच्या मुद्राक्षरांचा साद्यंत इतिहास सांगणारा बापूराव नाईक यांचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ 1971 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. अक्षराची इतकी चिकित्सा ज्या भाषेत झाली, त्या भाषेच्या शिक्षकाने पडद्यावरचे कसेबसे अक्षर निमूटपणे सोसावे, हे शोभणारे नाही.

देवनागरी अक्षराचे तीन मजले

रोमन लिपीपेक्षा देवनागरीची अडचण निराळी आहे. देवनागरीची ओळ तीन मजली असते. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर आणि काना. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटीचा वळसा, रफार आणि अनुस्वार. तळमजल्यावर उकार आणि ऋकार. जुन्या जुळाऱ्यास हे तीन थर वेगवेगळ्या खिळ्यांनी जुळवावे लागत. वरचे नाजूक खिळे दाबाखाली मोडत आणि मात्रा किंवा अनुस्वार उडून जाई. मुद्रित तपासणाऱ्याची दृष्टी म्हणूनच प्रथम शिरोरेघेच्या वर जाई.

पडद्यावरही ओळीच्या उंचीत तिन्ही मजले बसवावे लागतात. समजा, अक्षराची ओळ सोळा ठिपके उंच आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यांचा वाटा वजा केला, म्हणजे मूळ अक्षरास साधारणतः नऊदहा ठिपके उरतात. एवढ्या तुटपुंज्या ठिपक्यांत ‘व’च्या पोटात तिरकी रेघ घालून त्याचा ‘ब’ करावयाचा, ‘प’चा ‘ष’ करावयाचा, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या आरंभींची वळणे वेगळी राखावयाची. ‘द्ध’, ‘द्व’, ‘ट्ठ’ यांसारख्या एकाखाली एक बसणाऱ्या जोडाक्षरांची तर गर्दीच होते. इंग्रजी मजकूर ज्या पडद्यावर सहज वाचता येतो, त्याच पडद्यावर मराठी मजकूर वाचताना डोळे आखडतात, त्याचे कारण हे आहे. यास्तव इंग्रजी वाचणाऱ्याने केलेली शिफारस मराठी शिक्षकाने डोळे मिटून स्वीकारू नये.

संगणकाच्या युगातही या लिपीस कळकळीचे कारागीर लाभले. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत 1991 मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस स्थान आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांनी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला आणि विंडोज 2000 या प्रणालीबरोबर तो घरोघर पोहोचला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’सारखे टंक सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. तथापि टंक कितीही सुबक असला, तरी तो उमटतो पडद्यावरील ठिपक्यांनीच. ठिपके अपुरे पडले, तर कुशल कारागीरही हतबल होतो.

ठिपक्यांचा हिशेब

लॅपटॉपचा पडदा म्हणजे अतिसूक्ष्म चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यास ‘पिक्सेल’ म्हणतात. जाहिरातीत ‘1366 गुणिले 768’ असे लिहिलेले असते, तेव्हा आडव्या ओळीत 1366 आणि उभ्या ओळीत 768 ठिपके आहेत, असे समजावे. असा पडदा एकूण 10,49,088 ठिपक्यांचा होतो. ‘फुल एचडी’ म्हणून विकला जाणारा पडदा 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपक्यांचा असतो. हे ठिपके जवळजवळ दुप्पट झाले.

केवळ संख्येवर मात्र भुलू नये. तेच ठिपके लहान पडद्यावर दाट बसतात आणि मोठ्या पडद्यावर विरळ होतात. म्हणून खरा विचार दर इंचात किती ठिपके पडतात याचा करावयाचा. 15.6 इंचांच्या पडद्यावर 1366 गुणिले 768 ठिपके असल्यास इंचास सुमारे 100 पडतात. त्याच आकाराच्या फुल एचडी पडद्यावर ते सुमारे 141 आणि 14 इंचांच्या फुल एचडी पडद्यावर सुमारे 157 पडतात.

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू शकतो, असे मानतात. अर्ध्या मीटरवरून पाहिले असता हा बारकावा सुमारे 0.145 मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचास सुमारे 175 ठिपके. आता 15.6 इंचांच्या दोन पडद्यांची तुलना करावी. 1366च्या पडद्यावरील एक ठिपका सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. तो डोळ्यास वेगळा दिसू नये यासाठी वाचकाने सुमारे 87 सेंटिमीटर दूर बसले पाहिजे, आणि तेवढ्या अंतरावरून अक्षर वाचवत नाही. फुल एचडीचा ठिपका सुमारे 0.18 मिलिमीटरचा असल्याने 60 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे लॅपटॉप वापरण्याच्या नेहमीच्या अंतरावर, तो दिसेनासा होऊ लागतो आणि अक्षराची कड गुळगुळीत भासते.

याहून पुढे गेलेले, ‘फोर के’ म्हणून ओळखले जाणारे पडदे 3840 गुणिले 2160 ठिपक्यांचे असतात. 15.6 इंचांत तेथे इंचास सुमारे 282 ठिपके पडतात. हा बारकावा नेहमीच्या अंतरावरून डोळ्यास पुरता वेचताच येत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते आणि बॅटरीही लवकर संपते. शाळेच्या कामासाठी ही चैन आवश्यक नाही. मोबाइल फोनचे उदाहरणही येथे बोधप्रद आहे. फोनच्या पडद्यावर ठिपके अतिशय दाट असतात, तरी त्यावर शासकीय परिपत्रक वाचताना जीव मेटाकुटीस येतो. कारण अक्षर नेटके असले, तरी चिमुकले असते. वाचनास दोन्ही गोष्टी लागतात. अक्षर नेटके हवे आणि ते पुरेसे मोठेही हवे.

एक रूढ चूक

या दोन गोष्टींची गल्लत झाली, की एक चूक घडते. ती शाळाशाळांतून आढळते. नवा फुल एचडी लॅपटॉप येतो. त्यावरील अक्षर बारीक दिसते. कोणी तरी जाणकार म्हणविणारा ‘रिझोल्यूशन कमी करा’ असा सल्ला देतो. शिक्षक 1920च्या जागी 1366 निवडतात. अक्षर मोठे होते, सर्वांचे समाधान होते; परंतु काही दिवसांत डोळे चुरचुरू लागतात आणि कपाळ दुखू लागते.

असे का होते? जुने संगणक काचेच्या जाड नळीचे होते. त्यांच्या पडद्यावर ठिपक्यांची जागा आजच्यासारखी पक्की नव्हती, म्हणून रिझोल्यूशन कमीअधिक केले, तरी फारसे बिघडत नसे. सवय त्या काळची राहिली, पडदा मात्र बदलला. आजच्या सपाट पडद्यात प्रत्येक ठिपका कारखान्यातच आपल्या जागी कायम बसविलेला असतो. 1920 ठिपक्यांच्या ओळीवर 1366 ठिपक्यांचे चित्र पसरावयाचे, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्यास सुमारे 1.4 ठिपके येतात. ठिपका अर्धा करता येत नाही. म्हणून संगणक शेजारच्या ठिपक्यांत करडी छटा भरून वेळ मारून नेतो. परिणामी काळ्या रेघेच्या कडेस धुरकट पट्टी उमटते. अनुस्वार शिरोरेघेत विरघळतो, ‘ब’ची तिरकी रेघ पुसट होते. डोळा ते अक्षर पुनःपुन्हा स्पष्ट करू पाहतो आणि थकतो.

योग्य उपाय निराळा आहे आणि त्यास एक पैसाही पडत नाही. रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापावरच ठेवावे आणि अक्षराचा आकार ‘स्केल’ने वाढवावा. विंडोज प्रणालीत मुख्य पटलावरील रिकाम्या जागी माउसची उजवी कळ दाबली, की ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडतात. तेथे ‘रेझोल्यूशन’पुढे ज्या मापाजवळ ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते, ते मूळ माप होय. त्यास हात लावू नये. शेजारीच असलेल्या ‘स्केल’मध्ये 100, 125, 150 असे टक्के असतात, त्यांतून आपल्या डोळ्यास मानवेल तो आकडा निवडावा.

यातील लाभ आकड्यांनी स्पष्ट होतो. 15.6 इंचांच्या 1366च्या पडद्यावर सोळा ठिपक्यांची ओळ सुमारे 4 मिलिमीटर उंच असते. त्याच आकाराच्या फुल एचडी पडद्यावर स्केल शंभर टक्के ठेवल्यास तीच ओळ 2.9 मिलिमीटरवर येते. ‘अक्षर बारीक दिसते’ ही तक्रार येथूनच उद्भवते. आता स्केल दीडशे टक्के करावे. ओळ चोवीस ठिपक्यांची आणि सुमारे 4.3 मिलिमीटर उंच होते. उंची जवळजवळ पहिल्याइतकीच राहिली. परंतु सोळा गुणिले सोळा, म्हणजे 256 ठिपक्यांच्या चौकटीत बसणारे अक्षर आता चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे 576 ठिपक्यांच्या चौकटीत रेखले गेले. ‘ध’ला ‘घ’पासून वेगळे करण्यास संगणकास दुपटीहून अधिक ठिपके मिळाले. जावजींच्या कारागिराने कानशीने जे साधले, ते येथे ठिपक्यांच्या दाटीने साधते.

स्केल वाढविल्याने पानाचा थोडा कमी भाग एका वेळी पडद्यावर मावतो, हे खरे. 1366च्या पडद्यावर दीडशे टक्के स्केल ठेवले, तर जागा इतकी आकसते, की माहितीच्या तक्त्यातील शेवटचे रकाने आणि खालची बटणे दिसेनाशी होतात. फुल एचडी पडद्यावर तेच स्केल ठेवूनही कामापुरती जागा शिल्लक राहते. नवी खरेदी करताना फुल एचडी पडद्यास प्राधान्य द्यावयाचे, ते याच कारणासाठी.

लॅमिंग्टन रोडवरील खरेदी

आसपासच्या जिल्ह्यांतून संगणक खरेदीसाठी पुष्कळ लोक मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जातात. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्थानकापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गिरगावही तेथून दूर नाही. ज्या परिसरात पूर्वी छापखानदार नमुन्याचा कागद डोळ्यांसमोर धरून खिळे निवडीत, त्याच परिसरात आज शिक्षक पडदा निवडावयास जातो. छापखानदार खिळ्यांचे केवळ वजन पाहून सौदा करीत नसे. उमटलेले अक्षर तो पाहत असे. शिक्षकानेही तेच करावे.

विक्रेता प्रक्रियकाचा वेग सांगतो, साठवणीचे आकडे सांगतो आणि पडद्यावर रंगीबेरंगी फुलपाखराचे चित्र दाखवितो. फुलपाखरू कोणत्याही पडद्यावर सुंदरच दिसते. त्याऐवजी शिक्षकाने नमुन्याचा मराठी मजकूर बरोबर न्यावा आणि तो पडद्यावर उघडावयास सांगावे. पुढील वाक्य त्यासाठी उपयोगी पडेल: “बंड्याच्या आईने वर्षभर घट्ट धरून ठेवलेला षट्कोनी डबा उद्या कुंभाराच्या दुर्गीला द्यावा, हीच शुद्ध बुद्धी.” या एका वाक्यात ब आणि व, घ आणि ध, अनुस्वार, रफार, उकार आणि अवघड जोडाक्षरे आली आहेत. खुर्चीवर बसून, पडदा हातभर अंतरावर ठेवून, नेहमीचा चष्मा लावून ते वाचावे. प्रत्येक ठिपका आणि रेघ पुढे न वाकता ओळखता आली, तर पडदा पसंत करावा. डोके आपोआप पुढे जाऊ लागले, तर तो पडदा नाकारावा.

त्याच वेळी पडदा किंचित डावी-उजवीकडे आणि वर-खाली कलवून पाहावा. काही स्वस्त पडद्यांवर बाजूने पाहता अक्षर फिकट होते. एका लॅपटॉपभोवती तीन-चार मुले बसणार असतील, तर कडेच्या मुलाच्या वाट्यास तेच फिकट अक्षर येणार, हे विसरू नये. चकचकीत पडद्यापेक्षा चमक नसलेला पडदा घ्यावा. चकचकीत पडद्यावर मागची खिडकी आणि स्वतःचेच तोंड दिसत राहते.

डोळा, चष्मा आणि उजेड

चाळिशी हा शब्द मराठीत वयासही आहे आणि चष्म्यासही. त्या वयापासून डोळ्यातील भिंगाची लवचिकता उणावते आणि जवळचे दिसणे अवघड होते. वाचनाचा चष्मा सामान्यतः पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे 35 ते 40 सेंटिमीटरसाठी दिलेला असतो. लॅपटॉप मात्र 50 ते 60 सेंटिमीटरवर असतो. परिणामी शिक्षक मान पुढे काढून पडद्यापाशी जातो किंवा दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतो. दोन्ही प्रकारांत मान आणि पाठ दुखते आणि दोष लॅपटॉपच्या माथी येतो. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना आपण पडदा किती अंतरावर ठेवतो, ते मोजून सांगावे. लॅपटॉपवर काम फार असेल, तर त्या अंतराचा चष्मा मागून घ्यावा.

उजेडाचा विचार परळ-लालबागच्या चाळीतील खोलीवरून चांगला समजतो. दहा बाय बाराची खोली, एका टोकास दार आणि गॅलरी, दुसऱ्या टोकास खिडकी. तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने खिडकीकडे तोंड करून लॅपटॉप ठेवला, तर डोळे दिपतात. खिडकीकडे पाठ केली, तर पडद्यावर प्रकाश पडून अक्षर धुपते. खिडकी डाव्या किंवा उजव्या हातास येईल असे बसणे उत्तम. रात्री खोलीतील दिवा मालवून केवळ पडद्याच्या उजेडात वाचू नये. पडद्याचा प्रकाश खोलीतील प्रकाशाशी मिळताजुळता असावा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरावा. पडदा त्याहून दिव्यासारखा झगझगीत वाटल्यास प्रकाश कमी करावा आणि राखाडी, मळकट वाटल्यास वाढवावा.

पडद्याकडे पाहताना माणसाच्या पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा नियम सोपा आहे आणि मुलांनाही खेळासारखा शिकविता येतो.

वर्गातील पडदा

लॅपटॉप जेव्हा प्रक्षेपकास जोडला जातो, तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. प्रक्षेपकाची ठिपक्यांची जाळी लॅपटॉपपेक्षा वेगळी असल्यास संगणक कित्येकदा दोन्हींसाठी एकच, कमी माप स्वीकारतो. पाठ संपल्यावर तार काढली, की लॅपटॉपचे मूळ माप परत आले आहे किंवा नाही, हे पाहावे.

भिंतीवरील अक्षर पुढच्या बाकावरून वाचता येते, यावर समाधान मानू नये. दृष्टी तपासण्याच्या तक्त्यावर सहा मीटरवरून निरोगी डोळ्यास जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे 8.7 मिलिमीटर उंच असते. ती डोळ्याची मर्यादा झाली, तो वाचनाचा आनंद नव्हे. वाचावयास शिकणाऱ्या बालकास निदान त्याच्या तिप्पट, म्हणजे शिरोरेघेपासून तळापर्यंत अडीच-तीन सेंटिमीटरचे अक्षर द्यावे. त्यासाठी भिंतीवर एका वेळी थोड्याच ओळी दाखवाव्या लागल्या, तरी चालेल. शिक्षकाने स्वतः शेवटच्या बाकावर, मुलाच्या उंचीवर बसून ते एकदा वाचून पाहावे.

छायाचित्र काढून पाठविलेल्या परिपत्रकांविषयीही एक शब्द आवश्यक आहे. कागदाचे घाईने काढलेले छायाचित्र मुळातच धूसर असते. उत्तम पडद्यावर मोठे केले, तरी धूसरताच मोठी होते. म्हणून केंद्राकडून किंवा शाळेकडून पाठवावयाचा मजकूर शक्य तेथे युनिकोडमध्ये टंकलिखित करूनच पाठवावा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी पाठविणाऱ्यानेही घ्यावयाची असते.

सारांश

या विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल. पडद्याचे रिझोल्यूशन त्याच्या मूळ मापावरच ठेवावे. अक्षर लहान वाटल्यास स्केल वाढवावे. नवी खरेदी करताना 14 ते 15.6 इंचांचा फुल एचडी पडदा पाहावा. 1366चा जुना पडदा असेल, तर तो टाकून देण्याचे कारण नाही. त्याचेही मूळ माप कायम ठेवून वाचावयाचा मजकूर तेवढा कंट्रोल आणि अधिक या कळांनी मोठा करावा. पसंती नमुन्याच्या मराठी मजकुरावरून करावी. चष्मा पडद्याच्या अंतराचा असावा आणि खिडकी बाजूस असावी.

जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत उद्या सकाळी पाच मिनिटे खर्च करून लॅपटॉपचे माप तपासले गेले, तरी या परिषदेचे सार्थक होईल. त्यानंतर एखादा मुलगा ‘धार’ला ‘घार’ म्हणाला, तर त्याच्या नावापुढे शेरा मारण्यापूर्वी गुरुजींनी त्याच्या खांद्याशी वाकून, त्याच्याच जागेवरून पडद्याकडे एकदा पाहावे. कदाचित मुलगा बरोबरच वाचीत असेल. त्याला दिसत होते, तेच तो वाचीत असेल.